नोकरी सोडू का, महुडा मोजू का?

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या 26 वर्षांच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"मावशी, मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. गेली तीन वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचं काम करते. पगार 31 हजार. काम वाईट नाही, पण जीव रमत नाही. कॉलेजच्या सहलींपासून छोटा उदेपूरकडच्या जंगलांची ओढ लागली आहे. गेल्या वर्षी एका संशोधन फेलोशिपसाठी अर्ज केला. विषय होता, 'छोटा उदेपूर जिल्ह्यातील वनांवर स्थानिक लोकांच्या हस्तक्षेपाचे दुष्परिणाम'. मुलाखतीलाही बोलावलं नाही. 'विषय फार व्यापक, पद्धत अस्पष्ट' एवढाच शेरा मिळाला. बाबा म्हणतात, फेलोशिप ही काही नोकरी नव्हे, ती संपल्यावर काय करणार? आईला मी तिकडे एकटी कशी राहणार याची धास्ती. आत्यानं पुण्याचं स्थळ आणलंय. मैत्रीण म्हणते, खरं संशोधन परदेशातच होतं, तिकडे जा. नोकरी सोडून पूर्ण वेळ तयारीला लागू का? की वय निघून गेलं? आणि मी शहरात वाढलेली मराठी मुलगी, तिथले लोक माझ्याशी मोकळेपणानं बोलतील का?"

तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मीही 'अहो-जाहो' करत बसत नाही.

पत्रात तू पाच-सहा प्रश्न विचारले आहेस. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मात्र तू प्रश्न म्हणून विचारलेलाच नाहीस. 'दुष्परिणाम' हा शब्द शीर्षकात घालून तू निकाल आधीच लावून टाकलास. लोक जंगलात जातात, फुलं वेचतात, पानं तोडतात, मोळी आणतात, म्हणून जंगल खराब होतं, हे तू गृहीत धरलंस, आणि तेच सिद्ध करायला चार वर्षांचे पैसे मागितलेस. प्रबंधांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या समित्यांवर मी बसले आहे. (माझा विषय अर्थशास्त्र, झाडांची ओळख जेमतेम.) अशा अर्जावर 'व्यापक' आणि 'अस्पष्ट' हे सभ्य शेरे असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की या मुलीला काय शोधायचं आहे ते कळत नाही, कारण तिला ते आधीच सापडलेलं आहे.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. 'माणूस आला की जंगल गेलं' ही समजूत तुझी एकटीची नाही. आपण शाळेत तेच शिकलो. वनखात्याचा पायाही याच विचारावर घातला गेला. 1864 मध्ये ब्रिटिशांनी डिट्रिश ब्रँडिस यांना हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक नेमलं, पाठोपाठ 1865 चा आणि 1878 चा वनकायदा आला. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी लाकूड हवं होतं. मग जंगलात राहणाऱ्याचा तिथला वापर कागदावर 'हक्क' न राहता 'सवलत' झाला, आणि सवलत वाटेल तेव्हा काढून घेता येते.

आता एक उदाहरण सांगते, कारण ते तुझ्या विषयाला अगदी लागून आहे. सत्तरच्या दशकात कर्नाटकातले बांबू झपाट्यानं कमी होत होते आणि कागद गिरण्यांना कच्चा माल पुरेना. सरकारनं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना अभ्यास करायला सांगितलं. वनखात्याचं ठाम मत होतं, की गुरं चारणारे आणि बांबू तोडणारे गावकरीच याला जबाबदार. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष बेटांपाशी गेले, तेव्हा वेगळंच दिसलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. कोवळे कोंब त्या काट्यांच्या आडोशानं वाढतात. तोडणी सोपी व्हावी आणि बेट 'स्वच्छ' राहावं म्हणून गिरणीचे मजूर ते काटे साफ करत होते, आणि तसं करणं शास्त्रीय मानलं जात होतं. काटे गेले, कोंब उघडे पडले, जनावरांनी खाऊन टाकले. काटे काढू नयेत हे गावकऱ्यांना माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गावकरी नेहमी बरोबर असतात असं मी म्हणत नाही. तीही एक भाबडी समजूत आहे आणि तीवर लिहिलेले प्रस्तावही मी नापास केले आहेत. चारोळीची फळं पिकायच्या आत ओरबाडली, तर पुढच्या पिढीची रोपं येणार नाहीत; डिंकासाठी खोडाला फार खोल घाव घातले तर झाड मरेल; हे कोणीही केलं तरी होणारच. मुद्दा असा, की कोण, काय, कधी, किती आणि कोणत्या नियमानं काढतं हे बघितल्याशिवाय 'परिणाम' हा शब्द पोकळ राहतो.

तर मग काय शोधायचं? पत्रात तू एक वाक्य ओघात लिहून गेलीस: 'तिथले लोक महुड्याखाली आगी लावतात.' हे मी गाळलं होतं, इथे मुद्दाम घेते. (महुडा म्हणजे मोहाचं झाड.) लावतात, खरं आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात आणि पहाटेपासून टपाटप गळू लागतात. त्याच दिवसांत खाली वाळक्या पाचोळ्याचा थर साचलेला असतो. त्यात फिकट पिवळं, रसाळ फूल दिसत नाही, सापडलं तरी मातीनं माखतं. म्हणून फुलं यायच्या आधी झाडाखालची जागा जाळून साफ करतात. एखादा जाळ हाताबाहेर जातो आणि पुढचं रान पेटतं. यात माथेफिरूपणा काही नाही, फुलं वेचणाऱ्या बाईच्या कमरेचा प्रश्न आहे. झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलण्याचे प्रयोग मध्य प्रदेशात झाले आहेत. जाळीतलं फूल स्वच्छ राहतं, त्याला भावही बरा मिळू शकतो. मग आपल्याकडच्या एखाद्या गावात जाळी का वापरत नाहीत? महाग पडते? चोरीला जाते? की झाड एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची, त्यामुळे बांधायची कोणी यावर अडतं? बघ, आता तुझ्या हातात एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुलाही माहीत नाही, मलाही नाही. समितीला असा प्रश्न लागतो.

महुड्याचाच आणखी एक धागा दाखवते. छोटा उदेपूरला लागून मध्य प्रदेशातला अलिराजपूर जिल्हा आहे. दोन्हीकडे तीच झाडं, सोयरिकी दोन्हीकडच्या. कायदा मात्र मधल्या रेषेवर बदलतो. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यानं महुड्याच्या फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवरही बंधनं घातली. पलीकडे आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती महुड्याची दारू गाळायला मर्यादित सूट आहे. शिवाय गुजरातनं 1979 मध्ये कायदा करून गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाचा, व्यापार सरकारी ताब्यात घेतला. खरेदीचं काम राज्याच्या वन विकास महामंडळाकडे असतं, आणि त्याचं मुख्य कार्यालय आपल्या वडोदऱ्यातच आहे. मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याचा व्यापार 1964 पासूनच सरकारी. तिकडे 50 पानांची एक गड्डी आणि 1,000 गड्ड्यांचा एक मानक बोरा, असा हिशेब चालतो. आपल्याकडे त्याच पानाला टिमरू म्हणतात. एका झाडाला दोन राज्यांत दोन वेगळी नशिबं लाभली आहेत. सीमेच्या अलीकडचं एक गाव आणि पलीकडचं एक गाव, एवढंच घेतलंस तरी चार वर्षांचं काम आहे. गुजराती, हिंदी आणि मराठी तिन्ही येणारी बडोद्याची मुलगी या कामाला कमी पडेल असं तुला का वाटावं?

आणि तू वनस्पतिशास्त्राची आहेस हे विसरू नकोस. सध्या समाजशास्त्रवाले झाडं मोजत नाहीत आणि वनस्पतिशास्त्रवाले माणसांशी बोलत नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी, ज्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, याच फटीत काम केलं. त्यांनी 1992 मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. त्याची रीत साधी होती: ज्या जंगलात झाडांची मोजदाद करायची, त्याच जंगलाबद्दल त्याच गावात लोकांना विचारायचं, की इथे नियम काय, ते कोणी केले, मोडले तर काय होतं. तूही तसंच कर. शंभर महुडे निवडून छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, प्रत्येकाचा घेर घे. सगळे जाडजूड म्हातारे निघाले आणि पोरसवदा झाड एकही दिसलं नाही, तर एक फार मोठी गोष्ट तुझ्या फीतपट्टीत सापडलेली असेल. महुड्याच्या बाबतीत ही काळजी बऱ्याच ठिकाणी बोलून दाखवली जाते: फूल जातं, जून-जुलैत डोळी, म्हणजे बी, तेलासाठी जाते, जे रोप उगवतं ते गुरं खातात. कितीतरी महुडे तर जंगलात नसून शेताच्या बांधावर उभे असतात. त्यांचा हिस्सा भावाभावांत कसा वाटला जातो, मुलीला मिळतो का, हे तू त्याच दुपारी त्याच झाडाखाली बसून विचारू शकतेस.

सरकारी आकड्यांवर फार विसंबू नकोस. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं. त्यात गुजरातचं वनाच्छादन राज्याच्या भूभागाच्या 8 टक्क्यांहूनही कमी दिसतं. पण त्यात एक हेक्टरहून मोठा आणि 10 टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलेला कुठलाही तुकडा 'वनाच्छादन' धरला जातो, मग तो कोणाच्या मालकीचा आणि कुठल्या झाडांचा का असेना. आंब्याची बागही त्यात बसते. बांधावरचा एकटा महुडा तिथे धरलाच जात नाही, आणि घर मात्र त्याच्यावर चालतं.

आता पैसे, म्हणजे बाबांचा मुद्दा. तो नीट ऐकून घेण्यासारखा आहे, पण अर्धी माहिती त्यांच्याकडे नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नेट या पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून 42,000. घरभाडं भत्ता वेगळा. तुझ्या आजच्या पगारापेक्षा हे जास्त आहे, हे बाबांना सांग. परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. जेआरएफसाठी वयाची मर्यादा 30, आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. तू 26 ची आहेस. वय निघून गेलं वगैरे काही नाही. तुला वनस्पतिशास्त्र धरायचं असेल तर विज्ञान विषयांच्या सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जीवविज्ञान आहे; माणूस आणि जंगल दोन्ही धरायचे असतील तर यूजीसी नेटमधला पर्यावरणशास्त्र हा विषय बघ. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, त्यामुळे जेआरएफ हुकली तरी परीक्षा वाया जात नाही.

पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर गुजरात सरकारची 'शोध' नावाची योजना आहे. महिना 15,000 रुपये आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला 20,000. ही रक्कम एकटीनं पुरायची नाही, पण घरी राहणाऱ्या मुलीला आधार होतो. (अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात वाच, रकमा आणि अटी बदलतात.) विषय लोकांच्या बाजूनं झुकला तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल फेलोशिप आहेत. बाबा म्हणतात तशी फेलोशिप संपते, हे खरंच. पण तुझ्या कंपनीतला करारही कोणी जन्मभरासाठी लिहून दिलेला नाही. फेलोशिपनंतरच्या वाटा म्हणजे कॉलेजं, वनसंशोधन संस्था, आणंद शहरातली फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इरमा यांसारख्या ठिकाणची कामं, राज्य सरकारची वनाधिकाऱ्यांची परीक्षा. यातली कुठलीच हमखास नाही. एक गोष्ट मात्र बाबांच्या बाजूची: फेलोशिपचे पैसे पगारासारखे एक तारखेला खात्यात पडतील असं धरून चालू नकोस. हप्ते रखडतात, कधी महिनोन्‌महिने. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय राजीनाम्याचा कागद हातात घेऊ नकोस.

म्हणजे 'पूर्ण वेळ तयारीसाठी नोकरी सोडू का' याला माझं उत्तर आहे: नाही. आत्ता नाही. नेटच्या अभ्यासाला सकाळचे दोन तास पुरतात, आणि घरी नुसतं बसलेल्या मुलीवर स्थळांचा मारा दुप्पट होतो. तू हा फुलांचा हंगाम वापर. वडोदऱ्याच्या प्रतापनगर स्टेशनावरून गाडी छोटा उदेपूरला आणि पुढे अलिराजपूरपर्यंत जाते. मार्च ते मे, रविवार आणि साठवलेल्या रजा, एकच गाव. मोजमाप पहिल्याच फेरीत काढू नकोस. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या, दिवशी जा, महुडा आणि टिमरूचा भाव कोण सांगतं, कोण मान्य करतं, तराजू कोणाचा असतो, हे बघ. मग ओळखीतून एखाद्या घरी जा. तेजगढची आदिवासी अकादमी तुला ठाऊक असेलच. वडोदऱ्याच्या 'भाषा' नावाच्या संस्थेनं ती उभी केली. तिथं जाऊन बस, ग्रंथालय वाच, आणि आधी कोणी काय केलं आहे ते विचार. तिथल्या राठवा आदिवासींची राठवी बोली शिकवायला कोणी मिळालं तर शीक. चार वाक्यं चुकत बोलणाऱ्या मुलीशी लोक जास्त बोलतात, तिला हसता येतं म्हणून.

लोक तुझ्याशी बोलतील का, हे मात्र मराठी असण्या-नसण्यावर ठरायचं नाही. तुझ्या आधी त्या गावात प्रश्नावली घेऊन कितीजण येऊन गेले आणि त्यांनी परत येऊन काय सांगितलं, यावर ठरेल. बहुतेकांनी काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्याच भेटीत सांग, तू कोण, पैसे कोणाचे, हे लिहून झालं की गावाला काय मिळेल. फार मोठं आश्वासन देऊ नकोस. 'तुमच्या महुड्यांची यादी आणि नकाशा करून देईन' एवढंही खूप आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक दावा करायचा असेल किंवा चालू असेल, तर असा नकाशा खरोखर उपयोगी पडतो. छोटा उदेपूर जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी खास ठरवलेल्या, क्षेत्रात मोडतो, तिथं ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे, तेव्हा ग्रामसभेपुढे उभं राहून परवानगी मागणं ही नुसती रीत नाही. सरपंचाला चहा पाजणं म्हणजे ग्रामसभा नव्हे.

अभयारण्यात, म्हणजे जांबुघोडा किंवा रतनमहालमध्ये, काम करायचं असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी अभयारण्याबाहेरचं गाव निवड. शिवाय तिथे अस्वलं आहेत आणि त्यांनाही महुडा आवडतो. पहाटेच्या अंधारात फुलं वेचणाऱ्या बायका आणि अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येतात. विषय उत्तम आहे, पण पहिल्याच वर्षी नको.

यावरून आईची धास्ती. तिला 'काही होत नाही गं' म्हणून उडवून लावू नकोस. एकटीनं राहायचं नाही, हे सरळ मान्य कर. एखाद्या शिक्षिकेच्या किंवा आरोग्य सेविकेच्या घरी पैसे देऊन राहा. गावातलीच एक मुलगी मदतनीस म्हणून घे आणि तिचं मानधन प्रस्तावाच्या खर्चात आधीच लिही. हे फार जण विसरतात. स्वतःच्या लॅपटॉपला 60 हजार मांडतात, आणि जिच्यावाचून एक वाक्य कळलं नसतं तिला प्रबंधाच्या शेवटी 'आभार' देतात. एका रविवारी आईला सोबत घेऊन जा. हाटात तिला भांडी आणि धान्य बघायला आवडेल, आणि तू जिथं राहणार ते घर तिनं पाहिलेलं असेल.

एक पर्यायी वाट सांगून ठेवते, कदाचित तुला आवडायची नाही. तुमच्या घरात आजोबांच्या वेळचे मोडी कागद असतील, किंवा शेजारी कोणाला मोडी येत असेल. बडोदा संस्थानाची कागदपत्रं वडोदऱ्याच्याच दप्तरखान्यात आहेत. सोनगढ-व्यारा भागातली सागवानाची जंगलं संस्थानाची होती. तिथल्या लोकांना लाकूड, चराई, फिरती शेती यांबाबत काय मुभा होती, ती कधी आणि का बदलली, हे कागदांतून काढता येईल. (छोटा उदेपूर मात्र गायकवाडांचं नव्हतं. ते रेवाकांठ्यातलं वेगळं संस्थान, त्याचे कागद तुला इथे त्या प्रमाणात मिळणार नाहीत.) मोडी वाचणारी वनस्पतिशास्त्रज्ञ मी तरी आजवर पाहिलेली नाही. अशा दुर्मीळ जोडीकडे फेलोशिप देणारे दुर्लक्ष करत नाहीत. पण धुळीचं वावडं असेल तर राहू दे.

परदेशाचं लवकर आटपते. अलिराजपूरच्या सीमेवरचा महुडा मोजायला बर्लिनला जायची गरज नाही. पुढे, इथे पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर, सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाऊन शिकण्यासाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप आहे. तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल, आणि तिकडचे प्राध्यापक तुला विषय देणार नाहीत, तुझा विषय ऐकतील. ब्रिटनमधल्या रफर्डसारख्या संस्था निसर्गरक्षणाच्या कामाला छोटी अनुदानं देतात, पण ती पदवीसाठी नसतात. तुझं गावाचं काम उभं राहिल्यावर त्यांचा विचार कर.

नोकरी आणि पीएच.डी. यांच्या मधली एक पायरी आहे, आणि तुझ्यासारख्या बऱ्याच वाचकांना तीच सगळ्यात उपयोगी पडेल. जोधपूरची शुष्क वन संशोधन संस्था गुजरातचंही काम बघते. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, डेहराडूनची वन संशोधन संस्था, भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, गांधीनगरचं गीर (GEER) फाउंडेशन, बेंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, अशा ठिकाणी प्रकल्प सहायक आणि प्रकल्पातले कनिष्ठ फेलो म्हणून ठरावीक मुदतीची माणसं घेतात. जाहिरात आली की थेट मुलाखतीला जावं लागतं. पगार कमी असतो, कामात कष्टाचा भाग जास्त. पण एक वर्ष कोणाच्या तरी प्रकल्पात फीतपट्टी धरली, की पावसात वही कशी जपायची, एकाच प्रश्नाला तीन घरं तीन उत्तरं का देतात, आणि मुख्य म्हणजे हे आयुष्य आपल्याला झेपतं का, ते कळतं. कदाचित नाही झेपणार. कंपनीत कंटाळा येतो म्हणजे जंगलात येणार नाही असं नाही. टिमरूच्या पानांची 300 घरांची तीच तीच प्रश्नावली भरताना मे महिन्यात चांगल्या चांगल्यांना प्रयोगशाळेतला एसी आठवतो.

पुण्याचं स्थळ: मुलगा चांगला असेल तर भेटून घे. 'पुढची चार वर्षं मार्च ते जून मी छोटा उदेपूरला असेन' हे पहिल्याच भेटीत सांग. त्यावर त्याचा चेहरा काय होतो ते बघ, आणि आत्याला तेवढंच कळव.

आता करायचं काय, तर जुना प्रस्ताव समोर ठेव आणि त्यातला 'दुष्परिणाम' खोड. एक गाव, एक झाड, एक हंगाम, एवढंच ठेवून एका पानात नवा लिही. पहिल्या परिच्छेदात असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर 'हो' निघालं तरी आणि 'नाही' निघालं तरी तुला सारखंच नवल वाटेल. दुसऱ्यात काय मोजणार आणि कोणाला विचारणार. तिसऱ्यात खर्च, मदतनीस मुलीच्या मानधनासकट. मग ते पान मार्गदर्शक होऊ शकतील अशा तीन-चार जणांना पाठव. 'सर, मला आपल्याकडे पीएच.डी. करायची आहे' असं मोघम पत्र पाठवू नकोस, त्याला उत्तर येत नाही. पान पाठवलंस तर कोणीतरी त्यावर वाद घालेल, आणि वाद घालणारा माणूस मार्गदर्शक म्हणून चांगला.

हंगामाच्या दोन फेऱ्या झाल्यावर पान मलाही पाठव. लाल शाई सढळ हातानं वापरेन, आधीच सांगते.